माणूस विनाकारण घाम का गाळतो?

मांडवीकाठ
जगण्याला गरज नसताना माणूस अंगमेहनत का करतो, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. 'तब्येतीसाठी' हे उत्तर मी आधीच बाद करतो. तब्येतीसाठी मीठ कमी खाणं आणि रात्री दहाला झोपणंही चांगलं, पण त्याच्या स्पर्धा भरत नाहीत आणि त्यासाठी कोणी गळ्यात पदक घालून फोटो टाकत नाही.

मिरामारला 2019 मध्ये पहिल्यांदा आयर्नमॅन 70.3 झाली. 1.9 किमी समुद्रात पोहायचं, मग 90 किमी सायकल मारायची, मग 21.1 किमी पळायचं. एवढं करून पोचायचं कुठे, तर निघालो तिथेच. तेही स्वतःच्या खिशातून पैसे भरून. आणि याच गोव्यात आमच्या वाड्यावर नारळ उतरवणारा पाडेली मिळत नाही. नारळ माडावरच सुकतायत, खालून जाताना वर बघत जावं लागतं. पैसे घेऊन माडावर चढायला माणूस नाही आणि पैसे देऊन जिममधल्या जिन्यावर चढायला रांग.

माझं मत सांगतो, मग झोडपा. हा सुबत्तेचा देखावा आहे. दिवसभर राबणारा माणूस संध्याकाळी पाय पसरून बसतो. ज्याच्याकडे ताकद उरते तोच ती उधळतो, आणि उधळताना चार लोकांनी बघावं असं त्याला वाटतं.

फोंडेकर
पोट सुटतं म्हणून. धागा बंद करा.

आळशी_नंबर_एक
मांडवीकाठ यांना संपूर्ण पाठिंबा. जोडीला थोडा इतिहास. 1818 च्या सुमारास विल्यम क्युबिट नावाच्या इंग्लिश अभियंत्याने ट्रेडमिल काढलं ते तुरुंगांसाठी. पायऱ्या बसवलेलं मोठं चाक, त्यावर कैद्यांनी तासन्‌तास चढत राहायचं. कुठे त्यावर धान्य दळत, कुठे पाणी उपसत, कुठे चाक नुसतंच फिरायचं. 1898 च्या कायद्याने इंग्लंडात ही शिक्षा मोडीत निघाली. आपण ती हप्त्यांवर विकत घेतली.

आमच्या घरच्या चाकावर टॉवेल वाळतात. पावसाळ्यात फार उपयोगी वस्तू आहे, कोणी नावं ठेवू नयेत.

सत्तरीची_लेक
"दिवसभर राबणारा संध्याकाळी पाय पसरून बसतो" हे वाक्य पुरुषाने लिहिलंय हे ओळखायला आयडी बघावा लागत नाही. :)

माझी आई दिवसभर कुळागरात असायची. सुपारी वेचणं, शिंपण, गुरं, वर घरचा रगाडा. पण पौषात धालो, म्हणजे बायकांचे रात्रीचे नाच, सुरू झाले की भांडी घासून, पदर खोचून बाई मांडावर (धालोच्या अंगणात) हजर. समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या कमरेला हात गुंफलेले. वाकत पुढे जायचं, वाकतच मागे यायचं. एका रांगेने गाणं उचलायचं, दुसरीने झेलायचं. गाणं संपेपर्यंत कंबर सरळ करायची सोय नाही, कारण शेजारणीची कंबरही तुमच्याच हाताला बांधलेली असते. घरात "पाय चावतात गो" म्हणून तेल चोळून घेणारी आई तिथे कधी कण्हल्याचं मला आठवत नाही.

खेळात पुरुष नसतात. फोटो काढायला तेव्हा फोन नव्हते. मग देखावा कोणासाठी?

मांडवीकाठ
ताई, तो नाच झाला. मी व्यायामाबद्दल विचारतोय.

सत्तरीची_लेक
तुम्ही 'अंगमेहनत' विचारलंत. वर जाऊन बघा.

फोंडेकर
एक-शून्य.

पत्रादेवी_ते_पोळे
धागा चांगला रंगणार असं दिसतंय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

2004 मध्ये ब्रॅम्बल आणि लिबरमन या दोघा संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांडणी केली की माणसाचं शरीर लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी घडलंय. टाचेमागची लांब शीर, पळताना डोकं हलू न देणारा मानेतला बंध, आणि ज्यावर आपण बसून हा धागा वाचतोय तो मोठा स्नायू, जो सपाटीवर चालताना फारसा कामाला येत नाही पण पळताना येतो. शिवाय अंगभर वीसेक ते चाळीस लाख घर्मग्रंथी. भर दुपारी हरीण धापा टाकत थांबतं आणि माणूस घामाघूम होऊन मागे येतच राहतो.

पण पळता येतं म्हणून पळायची हौस असते असं नाही. टांझानियातले हाडझा लोक आजही शिकार आणि कंदमुळांवर जगतात. रोज मैलोगणती चालतात, आणि तरीही दिवसाचे जवळपास दहा तास बसून असतात. फक्त ते खुर्चीत नसतात. उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात, त्यामुळे पायाचे स्नायू पूर्ण झोपत नाहीत. काम नसेल तेव्हा उगाच पळणारा हाडझा कोणी पाहिलेला नाही. पुढचं जेवण कधी मिळेल याची खात्री नसते तेव्हा काटकसर शहाणपणाचीच.

आता याच्या उलट. 2014 मध्ये लायडनच्या संशोधकांनी उंदरांचं फिरतं चाक पिंजऱ्यात न ठेवता उघड्यावर, झाडीत आणि समुद्राजवळच्या वाळूच्या टेकड्यांत ठेवलं. जंगली उंदीर आपणहून आले आणि धावले. पुढे जवळ ठेवलेलं खाणं काढून घेतलं, तरी येऊन धावत राहिले. म्हणजे हालचालीत काहीतरी सुख आहे, आणि त्याला ना जिमची जाहिरात लागते ना सुबत्ता. चाकावर बेडूक आणि गोगलगायीही सापडल्या.

आळशी_नंबर_एक
गोगलगायसुद्धा??

पत्रादेवी_ते_पोळे
शंख नसलेली. हो, चाक फिरवल्याची नोंद आहे.

आळशी_नंबर_एक
म्हणजे आता जगात माझ्या खाली कोणीच उरलं नाही.

नाडीवैद्य
(नावावर जाऊ नका, मी ॲलोपॅथीवालाच आहे.)

इथे दोन प्रश्नांची खिचडी झालीय. शरीराला हालचाल का लागते हा एक, आणि माणूस हालचाल का करतो हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी हातात आहे. लंडनच्या डबलडेकर बसगाड्यांमध्ये ड्रायव्हर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. जेरेमी मॉरिस यांनी 1953 मध्ये दाखवलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. त्यावर लोक म्हणाले, ड्रायव्हर मुळात जाडेच असतील. गड्याने 1956 मध्ये दोघांच्या गणवेशाच्या पँटींची मापं काढली. ड्रायव्हरांच्या कंबरा खरंच मोठ्या निघाल्या, पण कंबर कितीही असो, कंडक्टरचं हृदय जास्त सुरक्षित होतं. मॉरिस स्वतः 99 वर्षं जगले.

दुसरं उदाहरण मी पेशंटना घाबरवायला वापरतो. 1966 मध्ये डॅलसला 5 तरुणांना 3 आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा कळलं की दमसासाचं जेवढं नुकसान त्या 3 आठवड्यांनी केलं होतं तेवढं पुढच्या 30 वर्षांच्या वयानेही केलं नव्हतं.

आणि आपल्या घरचं. 2023 मध्ये आयसीएमआर-इंडियाब हा देशभरातल्या मधुमेहाचा अभ्यास आला. देशात मधुमेहाचं प्रमाण 11.4 टक्के, गोव्यात 26.4. सगळ्या राज्यांत पहिला नंबर. चार गोंयकार चहाला बसले तर एकाने साखर टाळायला हवी. स्नायू आकुंचन पावताना रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न बघता आत ओढतो, त्यामुळे जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांच्या चालण्यालाही किंमत आहे.

दुसरा प्रश्न मात्र माझ्या आवाक्याबाहेरचा. हे सगळं ऐकून, मान डोलावून, वीस वर्षांत किती पेशंट चालायला लागले ते विचारू नका.

फोंडेकर
म्हणजे पोट सुटतं म्हणूनच. मी काय वेगळं सांगितलं होतं?

पत्रादेवी_ते_पोळे
तिथेही घोळ आहे. हर्मन पाँट्झर यांनी 2012 मध्ये त्याच हाडझांचा दिवसाचा उष्मांक-खर्च मोजला. इतकं चालूनही, शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर तो खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकन-युरोपियनांइतकाच भरला. शरीर एकीकडे जास्त खर्च झाला की दुसरीकडे हात आखडतं असं दिसतं. नुसत्या चालण्याने पोट आत जात नाही, फोंडेकरबाब. त्यासाठी ताटाकडे बघावं लागतं.

फोंडेकर
ताटाकडे मी रोजच बघतो. त्याचाच तर त्रास आहे.

पुणेरी_पाहुणा
माझं घड्याळ रोज दहा हजार पावलांसाठी कटकट करतं, रात्री साडेअकराला मी दिवाणखान्यात शतपावली घालतो आणि कुटुंब हसतं. पण मुद्दा वेगळा. आम्ही दरवर्षी गोव्याला येतो ते काहीही न करण्यासाठी. तुम्ही लोक मुळात सुशेगाद. दुपारी एकला दुकान बंद, चारला उघडणार. तुमच्याकडे हा प्रश्न पडावा याचंच आश्चर्य वाटतं.

पत्रादेवी_ते_पोळे
दहा हजार हा आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, 1965 मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. शांतपणे झोपा.

रापणकाराचो_पूत
पुणेरी पाहुण्यांना कोणी गाठून सांगेल का, की सुशेगाद हे हॉटेलच्या पत्रकात असतं?

माझे बाबा मोरजीच्या किनाऱ्यावर रापण ओढायचे. अंधारात होडी जाळं टाकत अर्धं वर्तुळ घेऊन यायची, मग किनाऱ्यावर दोन टोकांना दोन टोळ्या. दोर धरायचा, टाचा रेवेत रुतवायच्या आणि मागे मागे जायचं. मागच्याची जागा संपली की तो धावत पुढे पाण्याकडे जाऊन पुन्हा दोर धरणार. तास-दोन तास हेच. दोराच्या काथ्याने तळवे इतके जाड झालेले की बाबा चुलीतला निखारा चिमटीत धरून विडी पेटवायचे. एवढं करून कधी मासळी भरपूर, कधी नुसती शेवाळ आणि जेलीफिश. त्याचेही वाटे.

आता काही ठिकाणी पर्यटक येऊन दोर धरतात, फोटो काढून सोडतात. त्यांना मजा येते यात काही वाईट नाही. पण "हालचालीत सुख आहे" हे वाचून मला हसू आलं. पासष्टीला बाबांची कंबर गेली, गुडघे गेले. कंडक्टरांचं हृदय चांगलं राहिलं म्हणता, त्यांच्या गुडघ्यांची मापं कोणी काढली का डॉक्टर?

नाडीवैद्य
रास्त प्रश्न. कामातली मेहनत आणि फावल्या वेळची मेहनत शरीराला सारखी लागू होत नाही, हे आता बरेच जण मान्य करतात. मजुराला थांबायची मुभा नसते. दुखलं तरी दोर सोडता येत नाही, पुरेशी विश्रांती नाही, ओझं स्वतःला झेपेल तेवढं निवडता येत नाही. आयुर्वेदातल्या वाग्भटाने तर व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असं सांगून ठेवलंय. रापणीत अर्धी शक्ती लावणाऱ्याला वाटा किती मिळेल?

रापणकाराचो_पूत
वाटा नाही, शिव्या मिळतील.

तिन्हीसांज
बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते.

मी आल्तिनोवरच्या जॉगर्स पार्कमध्ये संध्याकाळी फेऱ्या मारते. घरी सांगितलंय की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. डॉक्टरांनी असलं काही सांगितलेलं नाही, माझे सगळे रिपोर्ट छान आहेत. पण "मला तासभर कोणी हाक मारू नये" असं म्हणून बाईला चप्पल पायात सरकवता येत नाही. डॉक्टरचं नाव घेतलं की सासूबाई स्वतः कुकर लावतात.

आधी फोन नेत होते. मग "चार्जर कुठे", "कोथिंबीर कुठल्या डब्यात" सुरू. आता फोन घरी. पहिल्या फेरीला ऑफिस डोक्यात असतं, मग जावेशी झालेलं बोलणं, मग उद्याचा डबा. पुढे कधीतरी डोकं रिकामं होतं आणि खाली नदीवरचे दिवे दिसायला लागतात. ते दिवे आधीही तिथेच असतात म्हणा. मी दमायला जाते, वजनाशी माझं काही देणंघेणं नाही.

सत्तरीची_लेक
तिन्हीसांज, हे वाचून थबकले. आईचंही हेच होतं की. मांड देवाचा, म्हणून जाता यायचं. "मला नाचायचंय, मी चालले" म्हटलं असतं तर आजीने आतून कडी घातली असती. तेव्हा देवाचं नाव लागायचं, आता डॉक्टरचं लागतं.

आळशी_नंबर_एक
मला उलट निमित्त हवंय, न जाण्यासाठी. कोणी सुचवेल का?

माशेलकार
पुरुषांना निमित्त लागत नाही असं कोणी समजू नये. आमच्याकडे माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला असतो, देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानावर. पावसाने मैदानाचा गारा झालेला. बँकेतले साहेब, मास्तर, किराणा दुकानदार, कॉलेजची पोरं, सगळे उघड्या अंगाला तेल चोपडून उतरतात आणि लहान मुलांचे खेळ खेळतात. एकमेकांना पाडायचं, ओढायचं, चिखलात लोळवायचं. पन्नाशीचा माणूस तोंडावर आपटतो आणि उठून हसतो. डोळे सोडून काही दिसत नाही, त्यामुळे आपण कोणाच्या पाठीवर बसलोय हेही कळत नाही. मी एकदा आमच्या बँकेच्या मॅनेजरला पाय धरून फरफटवलंय, त्यालाही ठाऊक नाही, की असेल कुणास ठाऊक. पुढचं कर्ज मंजूर झालं.

हाच मॅनेजर एरवीच्या मंगळवारी बाजारात चिखलात लोळला तर घरचे त्याला बांबोळीच्या मनोरुग्णालयात नेतील. म्हणजे खेळायची खुमखुमी सगळ्यांत असते, वय झालं की नुसतं खेळायला परवानगी नसते. कृष्णाच्या नावाने वर्षातून एक दिवस मिळते.

पत्रादेवी_ते_पोळे
माशेलकारबाब, प्रतिसाद फार आवडला. यात एक भर. एकत्र केलेल्या मेहनतीचा परिणाम वेगळा होतो. ऑक्सफर्डच्या होडी वल्हवणाऱ्या खेळाडूंना तोच व्यायाम एकदा एकेकट्याने आणि एकदा सगळ्यांनी मिळून करायला लावला. मेहनत तेवढीच, पण एकत्र वल्हवल्यावर त्यांची दुखणं सोसायची ताकद जास्त भरली. धालोत आई का कण्हली नाही, याचा थोडा धागा इथे मिळतो. पळणाऱ्यांना जी तार लागते तिचं श्रेय पूर्वी एंडॉर्फिन या शरीरातल्या वेदनाशामकाला देत. ते रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही, म्हणून आता संशय एंडोकॅनाबिनॉइडवर आहे. शरीरातच तयार होणारं, गांजाच्या भाईबंदांपैकी.

फोंडेकर
हे गोव्यात मोठ्याने बोलू नका. हणजुणेला पळणाऱ्यांची झडती सुरू होईल.

रापणकाराचो_पूत
निमित्ताची गोष्ट मला अर्धीच पटते. माझा काका, तोही रापणीवरचा. भात कापून झालं की आमच्या वाड्याच्या शेतात बांबूचे गोल उभे राहायचे. सकाळी दोर ओढून आलेला माणूस संध्याकाळी अनवाणी फुटबॉल खेळायचा. भाताचे खुंट पायाला लागायचे, रक्त यायचं, तरी थांबायचा नाही. त्याला ना देव लागला ना डॉक्टर. आणि हो, बघायला अख्खा वाडा असायचा, तेव्हा मांडवीकाठ यांचा देखावाही होता म्हणा. पण सुबत्ता? घरात दुसरी पँट नव्हती.

तिन्हीसांज
तो काका होता म्हणून. काकीला लागलं असतं निमित्त.

रापणकाराचो_पूत
काकी घरी भात शिजवत होती. पुढे बोलत नाही.

मांडवीकाठ
'देखावा' मी सोडत नाही, पण तो सगळ्यात वरचा थर आहे असं आता म्हणेन. आयर्नमॅनवाल्याला आतून चिखलकाल्यातल्यासारखंच लोळायचंय. फक्त त्याच्याकडे ना मांड आहे ना कापलेलं शेत, म्हणून तो टायमिंग, पदक आणि 21.1 किलोमीटर पुढे करतो. मोठ्या माणसाला आकडा दाखवला की पोरकटपणाही गंभीर दिसतो. पाडेलीचं कोडं मात्र सुटलं नाही. तो चढायचा थांबला तो आळसाने नव्हे. पडला तर कोणी विचारत नाही, आणि मुलाचं लग्न जमताना बापाचा धंदा आडवा येतो. मेहनत तीच, मान कोणाला मिळतो त्यावर सगळं.

नाडीवैद्य
चर्चा उत्तम. तरी धंद्याला जागून सांगतो: जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा सल्ला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायामाचा आहे. कारण देव द्या, डॉक्टर द्या, काहीही द्या. तिन्हीसांज, तुमच्या सासूबाईंनी विचारलं तर मी चिठ्ठी लिहून देतो.

तिन्हीसांज
देव बरें करूं डॉक्टर. त्यात कुकरचं पण लिहा.

माशेलकार
एवढं बोललो तर एकदा भेटूया. रविवारी सकाळी रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडीला, बेट चालत फिरायचं, परत येऊन पातळ भाजी-पाव. पायी जाणाऱ्याला फेरीचं तिकीटही नाही.

फोंडेकर
भाजी-पावाला मी येतो. चालणाऱ्यांची फेरी परत यायची वेळ कळवा.

सत्तरीची_लेक
मी येते, आईलाही आणते. ती चालण्यात तुम्हा सगळ्यांना मागे टाकेल, आधीच सांगून ठेवते.

रापणकाराचो_पूत
धक्क्यापर्यंत सगळे गाडीनेच येणार ना?

आळशी_नंबर_एक
अर्थात. फेरीत गाडी चढवता येते का? आणि धक्क्याजवळ सावलीत पार्किंग कुठे मिळेल?